पेन्सिल हार्डनेस टेस्ट गाळ्यातच बसवताना : वागळे इस्टेट, जून २०२५

काम : इलेक्ट्रिकल पॅनेलचे दरवाजे, १.६ मिमी सीआरसीए (पोलादी पत्रा), पॉलिएस्टर पावडर पेंट, आरएएल ७०३५ (फिकट राखाडी) स्मूथ, थर ६० ते ८० मायक्रॉन. बॅच ओव्हन, एका वेळी १२ दरवाजे. ड्रॉइंगवर एकच ओळ : ‘पेन्सिल हार्डनेस किमान एच’ (मऊ ते कडक अशा पेन्सिली पेंटवर चालवून पेंट किती कडक ते ठरवायचं). आमच्या रिपोर्टात २एच, पार्टीच्या तपासणीत एफ. ४६ दरवाजे परत. पेन्सिलीच्या क्रमात एफ हा एचच्या एक पायरी खाली आणि २एचच्या दोन पायऱ्या खाली येतो, म्हणजे एकाच पेंटवर दोन पायऱ्यांचा फरक.

२ जून, सोमवार

आधी जुनी पद्धत जशीच्या तशी करून पाहिली. ड्रॉवरमधल्या पेन्सिली शार्पनरने टोकदार केल्या, हाताने दरवाजावर ओढल्या. २एच आला. ३एचने जेमतेम रेघ उमटली. रिपोर्टात खोटं काही नव्हतं, टेस्टच चुकीची होती. पेन्सिल ओढायची नसते, ४५ अंशांत धरून स्वतःपासून लांब ढकलायची असते, आणि टोक अणकुचीदार नको, सपाट कापलेलं हवं. अणकुचीदार टोक पहिल्याच मिलीमीटरला तुटतं किंवा गोल होतं. गोल टोकाला कड नसते, त्यामुळे ते पेंटवरून घसरत जातं आणि पेंट आहे त्याहून कडक भासतो.

परत आलेल्या दरवाजांवर पुढे काही करायचं नाही, असं ठरवलं. त्याच पावडरचे ३० पॅनेल (टेस्टसाठी पत्र्याचे तुकडे) मारायला घेतले : १५० × १०० मिमी, ०.८ मिमी सीआरसीए, दरवाजांसारखंच फॉस्फेटिंग. पत्रा कापून, कोपऱ्यात भोक पाडून पॅनेलमागे २८ रुपये.

३ जून, मंगळवार

पेन्सिली. सगळ्यात मऊ ६बी ते सगळ्यात कडक ६एच मिळून १४ ग्रेड : ६बी, ५बी, ४बी, ३बी, २बी, बी, एचबी, एफ, एच, २एच, ३एच, ४एच, ५एच, ६एच. स्टेशनजवळच्या दुकानांत एचबी, २बी, ४बी, ६बी हवे तितके. एच आणि २एच शोधल्यावर सापडले. एफ कुठेच नाही. चित्रकलेला तो कुणी घेत नाही, आणि आपला वाद नेमका एफचाच. एका दुकानदाराने ‘एफ म्हणजे फाइन का?’ म्हणत ०.५ मिमीची शिसं पुढे केली.

पूर्ण संच मागवावा लागला. एकाच कंपनीच्या १४ नग ड्रॉइंग पेन्सिली, नगाला ७५, एकूण १,०५०. यायला दोन दिवस. तोवर हाताशी असावा म्हणून २० रुपये नगाचा दुसऱ्या कंपनीचा संचही घेतला. त्याचं काय झालं ते २० तारखेच्या नोंदीत.

५ जून, गुरुवार

टोक तयार करण्यात सबंध दिवस गेला. या कामाला कमी लेखू नका.

साध्या शार्पनरने लाकडाबरोबर शिसंही निमुळतं होतं. इथे फक्त लाकूड काढायचं आणि ५ ते ६ मिमी शिसं पूर्ण गोल दांड्यासारखं, कुठेही न खरवडता, उघडं ठेवायचं. कटरने लाकूड काढताना ब्लेड शिशाला टेकलं की बारीक खाच पडते आणि पुढे शिसं नेमकं तिथेच तुटतं. ४बी, ५बी, ६बी मिळून सात वेळा तुटली. जमलं ते असं : लाकडावर शेवटी अर्धा मिमी पातळ साल ठेवायची आणि ती नखाने सोलायची.

मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर काचेच्या तुकड्यावर चिकटवून पेन्सिल ९० अंशांत, अगदी उभी धरून, गोल फिरवत घासायची. शेवट सपाट आणि कड धारदार हवी. हाताने उभी धरली तर ती कलतेच. लाकडी ठोकळ्याला ड्रिल मशिनवर ८ मिमीचं सरळ भोक पाडलं आणि पेन्सिल त्यातून खाली सोडून घासली. १० पटींच्या भिंगातून (३५० रुपये) पाहिलं तर हाताने केलेल्या पाचपैकी तीन टोकांची कड एका बाजूला तुटलेली होती. ठोकळ्यातून केलेल्या पाचही ठीक.

घासून झाल्यावर टोक कोरड्या मऊ कापडाने पुसा. शिशाची भुकटी चिकटून राहिली तर ती कडेच्या आधी पेंटला लागते आणि वंगणासारखं काम करते.

७ जून, शनिवार

सपाट टोक, एकच पॅनेल, तीन माणसं, हातानेच ढकलून. निकाल : एफ, एच, ३एच. म्हणजे टोक सुधारलं तरी हात राहिलाच.

वजनकाट्यावर जुनं पॅनेल ठेवून तिघांना नेहमीच्या जोराने ढकलायला सांगितलं. एक जण ४०० ग्रॅमच्या आसपास, दुसरा ९०० च्या, आणि पेंटिंग बूथवरचा मुलगा सरळ १,५०० च्या पुढे. आयएसओ १५१८४ (या टेस्टचं आंतरराष्ट्रीय मानक) मध्ये टोकावर ७५० ग्रॅम ठरलेले आहेत, तेही पेन्सिल धरणाऱ्या चाकांच्या ट्रॉलीतून. एएसटीएम डी ३३६३ (याच टेस्टचं अमेरिकन मानक) मध्ये हाताने करायची मुभा आहे, पण जिथे पायरीवरून माल परत येतो तिथे हातावर विसंबणं म्हणजे भांडणाला बोलावणं.

तयार ट्रॉलीचं कोटेशन ११,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १३,५७०. घरीच करायचं ठरलं.

९ जून, सोमवार

ट्रॉली, पहिला प्रयत्न. हातात होता म्हणून ७० × ५० × ५० मिमीचा ॲल्युमिनियमचा ठोकळा घेतला. ४५ अंशांत ८ मिमी भोक, मागे दोन चाकं, पुढे पेन्सिलीचं टोक, म्हणजे तीनच टेकू. काट्यावर टोक ठेवलं तर २७५ ग्रॅम. सबंध ठोकळाच पावणेपाचशे ग्रॅमचा, तर टोकावर ७५० कुठून येणार! हा हिशोब कागदावर दोन मिनिटांत झाला असता. मशिनिंगसकट ८५० रुपये आणि एक दिवस पाण्यात.

दुसरा ठोकळा एमएसचा (माइल्ड स्टीलचा), ७५ × ५० × ४० मिमी, सुमारे १,१५० ग्रॅम. धुरा मागच्या कडेपासून १० मिमीवर, टोक धुऱ्यापासून ५५ मिमी पुढे. टोकावर ५७२ आले. हिशोब सोपा आहे : एकूण वजन गुणिले धुऱ्यापासून गुरुत्वमध्याचं अंतर, भागिले धुऱ्यापासून टोकाचं अंतर. कमी पडलेलं वजन भरायला पुढच्या अंगाला ५० × ४० × १४ मिमीची एमएस पट्टी बोल्टने बसवली.

पेन्सिल आवळायला एम४ ग्रब स्क्रू. तो थेट लाकडावर आवळला की पेन्सिल चेपते आणि आतलं शिसं तुटतं. बाहेरून काही दिसत नाही, टेस्ट चालू असताना शिसं आत सरकतं. स्क्रूखाली पितळेचा छोटा तुकडा टाकला.

चाकं नायलॉनची टर्न केली, ६०८ बेअरिंग आत, बाहेर खाच करून रबरी ओ-रिंग. ओ-रिंग लावायचं आधी टाळलं होतं, तर कच्च्या लिक्विड पेंटच्या पॅनेलवर चाकांचेच दोन चरे उठले.

११ जून, बुधवार

वजन मोजताना झालेली चूक. टोक काट्यावर आणि चाकं लाकडी फळीवर अशी मांडणी होती. काटा ६७० दाखवत होता, म्हणून वजन वाढवायला घेतलं. फळी काट्याच्या ताटलीपेक्षा १२ मिमी खाली आहे हे उशिरा लक्षात आलं. ट्रॉलीचं तोंड वर झालं की वजन मागे चाकांवर सरकतं आणि टोकावर कमी दिसतं. फळीखाली पत्र्याचे तुकडे सारून दोन्ही एका पातळीत आणल्यावर ७५२. पट्टीला हात लावायची गरज नव्हती.

ठोकळ्यावर गोल बुडबुड्याची छोटी लेव्हल चिकटवली. पेन्सिल इतकीच पुढे काढायची की बुडबुडा मध्ये येईल. कोन ४५ राहतो तो यामुळेच. पेन्सिल आखूड होत गेली की वजन बदलेल अशी शंका होती. नवी पेन्सिल आणि अर्धी उरलेली, दोन्ही लावून पाहिल्या : फरक १ ग्रॅम. ती काळजी सोडून द्या. शिशाच्या लांबीवर मात्र लक्ष ठेवा. ते ३ मिमीच्या खाली गेलं की लाकडाची कड पॅनेलला घासते आणि ओरखडा शिशाचा की लाकडाचा ते कळत नाही.

स्ट्रोक : किमान ७ मिमी, वेग सेकंदाला अर्धा ते एक मिमी. म्हणजे एका स्ट्रोकला सात ते चौदा सेकंद. पहिल्यांदा करणारा प्रत्येक जण एका सेकंदात ढकलून मोकळा होतो. मोबाइलवर मेट्रोनोम लावला, ठोक्याला एक मिमी. दर स्ट्रोकनंतर पेन्सिल थोडी फिरवून कोरी कड पुढे आणायची. फेरी पूर्ण झाली की परत ४०० पेपर.

तीच तीन माणसं, ट्रॉलीवर : एफ, एफ, एफ.

म्हणजे पार्टीचं बरोबर होतं. निदान त्या दिवशी तसंच वाटलं.

१३ जून, शुक्रवार

पाऊस यंदा २६ मेलाच मुंबईत आला, त्यामुळे गाळ्यात ३३ अंश आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात. टेस्टला २३ अधिक-उणे २ अंश आणि ५० अधिक-उणे ५ टक्के आर्द्रता लागते, पॅनेल त्या हवेत १६ तास ठेवून. पॅनेल ऑफिसच्या एसी केबिनमध्ये रात्रभर ठेवले. २४ अंश आणि ६१ टक्के मिळाले. आर्द्रता बसत नाही, ती रिपोर्टात जशी आहे तशी लिहायची.

पॉलिएस्टर पावडर : गाळ्यात एफ, केबिनमध्ये एफ, पण पुढच्या कडक पेन्सिलीचा ओरखडा केबिनमध्ये स्पष्टपणे फिकट. टचअपच्या टू-पॅक पीयूचं (दोन घटक मिसळून मारायचा पॉलियुरेथेन पेंट) पॅनेल : गाळ्यात बी, केबिनमध्ये एचबी. गरम पेंट मऊ असतो. ओव्हनमधून काढून तासाभरात केलेल्या टेस्टला तर काहीच किंमत नाही, पत्रा हाताला थंड लागला तरी.

१६ जून, सोमवार

या दिवसाची चूक सगळ्यात महागात पडली. एफ आला म्हणजे बेकिंग कमी पडलं, असं सगळ्यांनी धरून चाललं. मग २०० अंशांना १० मिनिटं ऐवजी २१० ला २५ मिनिटं दिली, आणि तीही पॅनेलवर न तपासता थेट १२ दरवाजांच्या लोडवर. पेन्सिल एफच. ७०३५ चा राखाडी मात्र पिवळसर झाला, मास्टर पॅनेलशेजारी धरल्यावर नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतका. बाराही दरवाजे स्ट्रिपिंगला (पेंट काढून टाकायला), नगाला १४० प्रमाणे १,६८०.

मग उलटी परीक्षा, या वेळी पॅनेलवर. एक पॅनेल मुद्दाम १७० ला १० मिनिटं, म्हणजे कच्चं. पेन्सिल : एफ. पूर्ण भाजलेल्या पॅनेलइतकीच! त्याच पॅनेलवर इम्पॅक्ट टेस्ट (वजन पाडून आघात) केली तर पेंट तडकून उडाला, आणि एमईके या तीव्र सॉल्व्हंटच्या बोळ्याने ३० डबल रब (पुढे-मागे घासणं) केल्यावर बोळा राखाडी झाला, अर्ध्या तासाने नखाने खरवडलं तर थर सोलून आला. नीट भाजलेल्या पॅनेलवर बोळ्याला किंचित रंग, नख लागत नाही.

कारण असं, की पावडरचं रेझिन, भाजताना होणारी रेणूंची जोडणी न होताही, खोलीच्या तापमानाला काचेसारखं कडकच असतं. नाहीतर पोत्यातली पावडर ढेकूळ झाली असती. पेन्सिलीला ते कडकच लागतं. बेकिंग झालं की नाही हे पेन्सिल सांगत नाही, ते एमईके आणि इम्पॅक्टला विचारायचं. लिक्विड स्टोव्हिंग इनॅमल किंवा टू-पॅकमध्ये गोष्ट वेगळी, तिथे कच्चा पेंट खरोखर मऊ असतो.

एमईके करताना हातमोजे, खिडकी उघडी, ओव्हनचा बर्नर बंद. याला फाटा देऊ नका.

जाता जाता दरवाजावर थर्मोकपल चिकटवून पाहिलं. हवा २०० झाल्यावर १.६ मिमीचा पत्रा २०० ला यायला १२ मिनिटं, ६ मिमीच्या बिजागरीच्या पट्टीला १७. दहा मिनिटं मोजायची ती १७ नंतर.

१८ जून, बुधवार

घोडं कुठे अडलं होतं ते आज कळलं. भिंगाखाली पॅनेल पाहिल्यावर.

७०३५ वर पेन्सिलीची प्रत्येक रेघ काळी दिसते. ती शिशाची रेघ आहे की पेंटमधला ओरखडा, हे पुसल्याशिवाय सांगता येत नाही. थिनरने पुसू नका, तो पेंट मऊ करून कड बुजवतो. मऊ खोडरबर, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेलं कापड एकदाच. पुसून, पॅनेल ट्यूबलाइटखाली तिरकं धरून पाहिलं :

एफ : काही नाही, किंचितही नाही.
एच : ३ मिमीपेक्षा लांब, फिकट, चमक गेलेली रेघ. नख अडकत नाही.
२एच : तीच रेघ जरा ठळक.
३एच : पेंट कापला गेलाय, नख अडकतं, दोन्ही बाजूंना उकरलेल्या पेंटची कड.

डी ३३६३ मध्ये हे दोन वेगळे आकडे आहेत. जी सगळ्यात कडक पेन्सिल पेंट कापत नाही ती गाऊज हार्डनेस : इथे २एच. जी सगळ्यात कडक पेन्सिल ओरखडाही काढत नाही ती स्क्रॅच हार्डनेस : इथे एफ. तोच पेंट, तीच ट्रॉली, दोन्ही खरे. आमचा जुना २एच चुकीच्या टोकाने आणि बेभरवशाच्या हाताने आला आणि योगायोगाने गाऊजशी जुळला, याचं श्रेय कुणी घेऊ नये. ११ तारखेला तिघांनी एफ दिला, कारण तिघेही पुसून ‘काहीच दिसत नाही ना’ एवढंच पाहत होते.

ड्रॉइंगवर फक्त ‘हार्डनेस किमान एच’. कुठला, ते लिहिलेलंच नाही.

२० जून, शुक्रवार

स्वस्त संच, त्याच पॅनेलवर, त्याच ट्रॉलीने. गाऊज ४एच, स्क्रॅच एच. म्हणजे महागड्या संचापेक्षा गाऊजमध्ये दोन पायऱ्यांचा आणि स्क्रॅचमध्ये एका पायरीचा फरक. वर, त्या संचातला ३एच आणि ४एच भिंगाखाली सारखाच ओरखडा काढतात. कंपनी कंपनीत फरक असतोच, चूक कुणाची नाही. त्या पेन्सिली लिहायला बनवल्यात. पण रिपोर्टात ब्रँड आणि लॉट लिहिला नाही तर नुसत्या एचला अर्थ नाही. तो संच आता पॅकिंगवाल्यांच्या टेबलावर, कार्टनवर नंबर घालायला.

टेक्श्चर (खडबडीत फिनिशच्या) पावडरचंही एक पॅनेल करून पाहिलं. पेन्सिल टेकड्यांवरून उड्या मारत जाते, ओरखडा तुटक. आकडा येतो, पण तो कशाचा ते सांगता येत नाही. टेक्श्चर फिनिशवर ही टेस्ट मागितली तर आधीच नाही म्हणा.

२३ जून, सोमवार

पार्टीचा इन्स्पेक्टर आणि त्यांची ट्रॉली आमच्या केबिनमध्ये. तेच पॅनेल अर्धं त्यांना, अर्धं आपल्याला. स्क्रॅच : दोघांचा एफ. गाऊज : दोघांचा २एच. त्यांच्या ट्रॉलीचं टोक आमच्या काट्यावर ७४६, आमचं ७५२. त्यांनी तेही लिहून घेतलं, चांगली सवय.

तासभर चर्चा दरवाजा वापरात खरवडतो कशाने यावर. स्क्रूड्रायव्हर, चावी, बेल्टचं बक्कल : या गोष्टी पेंट कापतात. फिकट रेघेत पेंट कापला जात नाही. ड्रॉइंगची दुरुस्त ओळ ठरली : ‘गाऊज हार्डनेस किमान एच, ७५० ग्रॅम, डी ३३६३, स्मूथ फिनिश, बेकिंगनंतर किमान २४ तासांनी’. सोबत दर लोडला एक एमईके.

४६ पैकी ४३ दरवाजे पास. तीन नापास, पण त्यांचा हार्डनेसशी संबंध नव्हता : आधीच्या हाताने केलेल्या टेस्टचे चरे दर्शनी बाजूलाच होते.

२७ जून, शुक्रवार

खर्च :
पेन्सिली, दोन्ही संच : १,३३०
४०० पेपर, १० शीट : २००
भिंग : ३५०
ॲल्युमिनियमचा फसलेला ठोकळा : ८५०
एमएस ठोकळा, पट्टी, लेथ : १,४००
बेअरिंग, ओ-रिंग, लेव्हल : ३१०
पॅनेल ३० : ८४०
स्ट्रिपिंग : १,६८०
एकूण ६,९६०, त्यातले २,५३० निव्वळ चुकांचे. स्ट्रिप केलेल्या दरवाजांना परत मारलेली पावडर आणि गॅस यात धरलेला नाही.

आता दर लोडमधून एक पॅनेल, दरवाजांच्याच रॅकवर मधल्या हुकाला. कडेला टांगलेल्यावर थर जाड बसतो, १२० मायक्रॉनपर्यंत गेलेला सापडला. टेस्ट कडेपासून १५ मिमी आत, डीएफटी (पेंटच्या थराची जाडी) मोजून. ६एचपासून खाली उतरत यायचं, प्रत्येक पेन्सिलीचे दोन स्ट्रोक, दोन्ही जुळले नाहीत तर तिसरा नव्या टोकाने. पॅनेलच्या मागे मार्करने : तारीख, लोड नंबर, पावडरचा बॅच, मायक्रॉन, तापमान, आर्द्रता, पेन्सिलीचा लॉट, गाऊज, स्क्रॅच. हात बसल्यावर एका पॅनेलला २५ मिनिटं, त्यातली १५ टोकं करण्यात.

टू-पॅक पीयू टचअपचं पॅनेल वेगळं ठेवलंय. २४ तासांनी गाऊज बी, तीन दिवसांनी एचबी. सातव्या दिवशीचा आकडा मंगळवारी, १ जुलैला घ्यायचा आहे. तोवर टचअप केलेला एकही दरवाजा पॅकिंगला द्यायचा नाही.